कागदावर चाललेला प्रोग्रॅम

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका सिस्टर ऑरेलियांचं बोलावणं आलं. मला वाटलं, निवृत्तीच्या कागदांचं काही असेल. मार्चअखेर माझी नोकरी संपते. तर त्यांनी समोर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या आमच्या जाई मिसना डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे. बाळ होईपर्यंत त्या येणार नाहीत. मग दहावीच्या मुलींना जावा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची ती भाषा, कोण शिकवणार?

"मिसेस टिपणीस, तुम्ही गणितवाल्या. तुम्हाला जड नाही."

"सिस्टर, मला फोनवरून फोटो पाठवायचा झाला तरी शेजारची मुलगी लागते."

"मग या वेळी देव लागेल," असं म्हणून त्या हसल्या आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. नन्सना नाही म्हणायला मला आजही जमत नाही. सहाव्या वर्षी लागलेली सवय अठ्ठावन्नाव्या वर्षी कशी सुटणार?

घरी आल्यावर क्षिप्राला फोन केला. मधल्या वारी केला की एरवी 'मीटिंगमध्ये आहे' एवढाच मेसेज येतो. आज पहिल्या रिंगलाच उचलला. मी सांगितलं आणि ती इतकी हसली! "आई, तू? जावा? थांब, मला बसू दे आधी." तिचे बाबा नंदकुमार गेले त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. ते गेल्यावर काही महिन्यांतच ती ऐरोलीला भाड्याच्या घरात गेली. ऑफिस जवळ पडतं म्हणाली. जुईनगर ते ऐरोली म्हणजे काही परदेश नाही. पण तेव्हापासून ती या घरात आलेली नाही. दर वेळी काहीतरी काम निघतं. मीच जाते अधूनमधून. का येत नाहीस, असं मी विचारत नाही. मुलांच्या फार मागे लागू नये.

"मी शिकवते तुला," ती म्हणाली. "रोज फोन कर."

रोज!

इथे खोटं कशाला लिहू? मला जावा नको आहे. मला क्षिप्रा घरी यायला हवी आहे. जावाच्या निमित्ताने आली, तर जावा.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. मुलींनी गुलाब दिले. घरी येऊन पहिल्या धड्याच्या व्याख्या पाठ केल्या, अगदी आमच्या कॉन्व्हेंटच्या पद्धतीने: हात मागे बांधून, खिडकीकडे तोंड करून, मोठ्याने. दिवसभर इंग्रजीत बोलते, संध्याकाळीही इंग्रजीच. मराठी उरते ती क्षिप्रापुरती आणि या डायरीपुरती. लहानपणी सिस्टर इग्नेशिया आमच्याकडून असंच म्हणवून घ्यायच्या आणि कुठे अडखळलं की टेबलावरची छोटी घंटा वाजवायच्या.

क्षिप्रा म्हणाली, "आई, पाठ नको करूस. टाइप कर. चुकलं की तोच ओरडेल."

नंदकुमारांचा लॅपटॉप कपाटातून काढला. चालू व्हायला वेळ लागला, पण झाला. पडद्यावर अजून त्यांनी लावलेला कर्नाळ्याचा फोटो आहे. तो बदलला नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

ओव्हरलोडिंगवर आठवडा गेला. बोर्डात दर वर्षी प्रश्न असतो म्हणे, म्हणून सोडून चालत नाही. मेथड म्हणजे नाव दिलेलं काम. नाव घेऊन हाक मारली की ते काम होतं. इथवर ठीक. पण एकाच नावाच्या दोन-तीन मेथड असू शकतात, त्यालाच ओव्हरलोडिंग म्हणतात, हे काही माझ्या गळी उतरेना.

"मग कोणती चालवायची हे त्याला कसं कळतं?"

"तू कंसात काय देतेस ते बघतो. एक आकडा दिलास तर एक, दोन दिलेस तर दुसरी. आकडा दिलास तर वेगळी, शब्द दिलास तर वेगळी."

"म्हणजे गिरणीवाल्यासारखं."

"कोण गिरणीवाला?"

"अगं, आपल्या सेक्टरमधला. आपण नुसतं 'दळून द्या' म्हणतो. तो डब्याचं झाकण उघडून बघतो. गहू असले तर बारीक, भाजणी असली तर जाडसर, तांदूळ असले तर आधी दुसऱ्या जात्याकडे जातो. आपण सांगत नाही. शब्द एकच."

तिने ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"आई, भारी आहे हे. कॉलेजात आम्हाला त्रिकोण-चौकोनाच्या क्षेत्रफळावर उरकलं होतं."

मग मी एक प्रयोग केला. नाव तेच, आत दिलेलं तेच, फक्त उत्तर वेगळ्या प्रकारचं यावं असं लिहिलं. लॅपटॉपने लाल रेघ मारली. क्षिप्रा म्हणाली, असं चालत नाही. तुला परत काय हवंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तू काय दिलंस तेवढंच तो बघतो. "रिकामा डबा नेऊन पोळीचं पीठ द्या म्हटलं तर तुझा गिरणीवाला देईल का?"

माझंच उदाहरण माझ्यावर उलटवलं. वडिलांवर गेली आहे.

व्हिडिओवर बोलतो आम्ही. ती कानाला काही लावत नाही, स्पीकरवरच बोलते. मागे कुकर, रिक्षा, सगळं ऐकू येतं. घरून काम करायची तेव्हा ते मोठे काळे हेडफोन दिवसभर कानांवर असत. नंदकुमार म्हणायचे, "आपली मुलगी पायलट झाली."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सहामाही परीक्षा चालू आहे, त्यामुळे लवकर सुटले. सकाळी भरली वांगी केली होती. तिला फार आवडतात, म्हणून डबा घेऊन थेट ऐरोलीला गेले. तिच्या ऑफिसच्या मोठ्या फाटकाशी उभं राहून फोन केला.

"आई, तू कुठे? फाटकावर?" आवाज एकदम बदलला. "मीटिंग चालू आहे गं. तिथेच थांब, आत नको जाऊस. मी येते."

बराच वेळ लागला. मी आतल्या काचेच्या दारांकडे बघत होते आणि ती आली मागून, रस्त्याच्या बाजूने. घामाघूम झालेली. पायात घरातल्या स्लिपर. गळ्यात ते कार्ड नाही. चहाला बाहेर गेली असेल. आता ऑफिसातही घरच्यासारखेच कपडे घालतात बहुतेक. आमच्या वेळी हे चाललं नसतं.

डबा दिला. तिने तिथेच झाकण उघडून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी म्हटलं, मसाला लागला का? हो म्हणाली.

कंपनी मात्र चांगली दिसते. मीटिंगमधून उठून येऊ देतात, दुपारी माझे फोन घेऊ देतात. तिचे बाबा सुट्टी मागायलाही घाबरायचे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

क्षिप्रा आली होती!

म्हणजे बिल्डिंगखाली. तिचा ऑफिसचा लॅपटॉप परत मागवून घेतला आहे, नवा येईपर्यंत बाबांचा हवा म्हणाली. मी सकाळपासून घर आवरलं, साबुदाण्याची खिचडी केली. खाली रिक्षा थांबलेली दिसली आणि फोन वाजला. "आई, तू खाली आणून देतेस का? रिक्षा थांबवून ठेवलीय."

"सोड ना रिक्षा. दुसरी मिळेल."

"नको गं. काम आहे."

लॅपटॉप, चार्जर आणि खिचडीचा डबा घेऊन उतरले. ती फाटकाशी उभी होती, पाठ घराकडे करून. आमची गॅलरी तिथून समोरच दिसते. एकदाही वर बघितलं नाही तिने. मला मिठी मारली, घट्ट, आणि गेली.

खिचडी माझ्यापुरतीही उरली नव्हती. बरंच झालं. भूकही नव्हती.

आज नंदकुमारांचा दिवस. तिच्या लक्षात असणारच. त्या दिवशी घरात तीच होती ना. मी शाळेत होते. डॉक्टर, रुग्णवाहिका, मला फोन, सगळं तिनेच केलं, सव्वीस वर्षांच्या मुलीने. त्याबद्दल ती कधी बोललेली नाही आणि मीही विचारलं नाही. जखमेवरची खपली कशाला काढायची?

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी तिच्याकडे केली. मी करंज्या नेल्या होत्या. खोलीत तिच्यासोबत राहणारी मुलगी सोडून गेली आहे. तिची अर्धी भिंत रिकामी, नुसते खिळे. ऑफिसातून दर वर्षी सुक्या मेव्याचा एवढा मोठा डबा यायचा, या वर्षी नाही. "बंद केलं कंपनीने," म्हणाली. कंपन्यासुद्धा हात आखडता घ्यायला लागल्या.

निघताना मनात होतं, विचारावं, दिवाळीनंतर येतेस का दोन दिवस. तोंडात आलंही होतं. पण विचारलं काय, तर "क्षिप्रा, ते धड्यातलं कन्स्ट्रक्टरचं परत एकदा सांगशील?"

"आत्ता? चपला घालताना?"

"फोनवर सांग मग. उद्या."

"बरं. उद्या."

उद्याचा दिवस मिळाला, म्हणून खूश होऊन घरी आले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आता मला जमतं. वर्गात पुस्तकात न बघता फळ्यावर लिहिते. बोर्डात मुलींना प्रोग्रॅम कागदावर लिहायचा असतो, खाली प्रत्येक नाव कशासाठी घेतलं त्याचा तक्ता काढायचा असतो, म्हणून मी कागदावरच चालवायला शिकवते: पेन्सिल घ्यायची, एकेक ओळ वाचायची, बाजूला किमती मांडत जायच्या, आपणच यंत्र व्हायचं. मुली मला 'कॉम्प्युटर आजी' म्हणतात. मला ते ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.

घरी लॅपटॉप नाही, त्याने काही अडत नाही. आजचा प्रश्न मी शाळेतच सोडवला होता. तरी घरी येऊन क्षिप्राला फोन केला आणि जमत नाही असं सांगितलं. तिने अर्धा तास समजावलं. मी मध्ये मध्ये चुकत होते. मुद्दाम. शेवटी ती म्हणाली, "आई, हे तुला गेल्या आठवड्यात येत होतं." मी म्हटलं, वय झालं.

ती रागावली नाही. उलट म्हणाली, "मग उद्या परत बघू."

१८ डिसेंबर, बुधवार

पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका काढली. प्रश्नपत्रिका शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवायची नाही असा सिस्टरांचा नियम आहे. सगळं हाताने, बंद पाकिटात. क्षिप्राला दाखवली नाही. नंतर सांगून चकित करायचं आहे, बघ, तुझ्या मदतीशिवाय काढली.

ओव्हरलोडिंगचा प्रश्न तर असा काढला आहे की पुस्तकात सापडणार नाही. एकाच नावाच्या दोन मेथड. पहिलीला आधी पूर्ण आकडा द्यायचा, मग दशांशाचा. ती बेरीज करते. दुसरीला आधी दशांशाचा, मग पूर्ण; ती गुणाकार करते. खाली हाक मारली आहे, आत चार आणि पाच. उत्तर काय? कागदावर चालवून बघितला. नऊ. दोनदा चालवला. दोन्ही वेळा नऊ.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

पेपर तपासतेय. ओव्हरलोडिंगच्या प्रश्नाला निम्म्या मुलींनी नऊ लिहिलं आहे, निम्म्यांनी वीस. वीसवाल्यांनी क्रम नीट बघितला नाही, मार्क कापले. आणि क्रांतीने, वर्गात पहिल्या बाकावर बसते ती तळवलीची मुलगी, लिहिलं आहे: 'हा प्रोग्रॅम चालणार नाही.' एवढंच. उत्तर येत नसलं की हल्ली मुली शिरजोर होतात. शून्य दिलं.

१० जानेवारी, शुक्रवार

क्रांती स्टाफरूमच्या दाराशी आली. पेपर पुढे धरला.

"मिस, मी लॅबमध्ये टाइप करून बघितलं. खरंच नाही चालत."

"टाइप करताना चुकली असशील."

"तीनदा केलं, मिस. तुम्ही या ना."

गेले. माझा प्रोग्रॅम, माझ्या अक्षरातला, तिने जसाच्या तसा उतरवला होता. हाकेच्या ओळीखाली लाल रेघ. कोपऱ्यात जाऊन क्षिप्राला फोन केला.

"आई, दोन्ही पूर्ण आकडे दिलेस ना? चार आणि पाच?"

"हो. पण पाच म्हणजे पाच पूर्णांक शून्य. तेच ते."

"गणितात तेच. इथे नाही. पूर्ण आकडा दशांशाच्या जागी चालून जातो. मग पहिल्या मेथडमध्येही बसतं आणि दुसरीतही बसतं. दोन्ही सारख्याच जवळच्या. तो अंदाज नाही करत. अडून बसतो."

"अगं, मी कागदावर चालवून बघितला होता! दोनदा!"

"कागदावर तूच चालवलास ना, आई. तुला माहीत होतं तुला कोणती हवी होती. त्याला कसं कळणार? पाचाच्या पुढे शून्य लिही दशांशाचं, की झालं."

मी कोपऱ्यातून त्या लाल रेघेकडे बघत राहिले. पलीकडून ती म्हणाली, "आई, आहेस?"

वर्गात जाऊन सांगितलं की चूक माझी होती. नऊवाल्यांना, वीसवाल्यांना, सगळ्यांना पूर्ण मार्क. क्रांतीचे तर आहेतच. टाळ्या वाजवल्या मुलींनी. दहावीच्या मुली, फुकटचे मार्क मिळाल्यावर काय करणार!

परत येताना रिक्षात मात्र तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याला कसं कळणार?

१२ जानेवारी, रविवार

ऐरोलीहून आत्ता आले. कपडेही न बदलता लिहायला बसले.

आज ठरवून गेले होते. ती सिंकमध्ये भांडी विसळत होती. मी बसलेसुद्धा नाही.

"क्षिप्रा, मी आज काही विचारायला आलेली नाही. मला जावा येतं. केव्हाचं येतं. मी तुझ्यासाठी फोन करत होते. मला घरात एकटीला नको झालंय. तू राहायला ये. ऑफिस लांब पडेल, मला कळतं. तरी ये."

नळ चालूच होता. ती पाठमोरीच म्हणाली, "ऑफिस नाहीये, आई."

"म्हणजे?"

"ऑगस्टमध्ये काढलं. आमची अख्खी टीम. एका सकाळी मेल आला, संध्याकाळी लॅपटॉप बंद."

ऑगस्ट. मी पहिला फोन केला तो सप्टेंबरात.

"मग तर येच! बॅग भर. आत्ताच चल माझ्याबरोबर."

"नाही येऊ शकत."

"अगं, तुझं घर आहे ते—"

"आई, ऐक ना गं एकदा!" नळ बंद केला तिने. माझ्याकडे वळली. हातातलं पातेलं तसंच, पाणी गळत होतं फरशीवर. "बाबा पडले तेव्हा मी आतल्या खोलीत होते. कॉल चालू होता. कानांवर ते हेडफोन होते. बाबांनी हाक मारली असेल, आई. किंवा नसेल मारली. मला माहीत नाही. मला कधीच कळणार नाही. मी पाणी प्यायला बाहेर आले, तर ते... खुर्ची आडवी पडली होती. एवढा मोठा आवाज झाला असणार."

"डॉक्टर म्हणाले होते, एका क्षणात झालं सगळं. हाक मारायला वेळच—"

"डॉक्टर नव्हते तिथे."

पातेलं तिच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवलं. मग तिला धरलं.

मध्येच ती रडता रडता म्हणाली, "मी तुला रोज सांगणार होते. रोज ठरवायचे. आणि तू फोनवर म्हणायचीस, क्षिप्रा, कन्स्ट्रक्टर म्हणजे काय गं?"

आणि मला हसू फुटलं. तिलाही. ओल्या फरशीवर दोघी उभ्या राहून खुळ्यासारख्या हसत होतो. खालच्या मजल्यावरच्यांना काय वाटलं असेल!

चहा केला. मग ती म्हणाली, "मी त्या घरात नाही राहू शकत. निदान आत्ता नाही. तू ये ना इकडे. इंटरव्ह्यू सुरू होतील या महिन्यात. मला एकटीने नाही जमत."

बघते, म्हणाले मी. आई होऊन 'बघते' म्हणाले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केला नाही.

हे घर आम्ही घेतलं तेव्हा समोर नुसतं खाजण होतं. रात्री बेडूक ओरडायचे. नंदकुमारांनी गॅलरीत स्वतः कट्टा बांधला, एक कोपरा वाकडाच राहिला. बेलापूर रोडवरच्या कंपनीतून ते आले की आधी तिथे बसायचे, मग चहा. या भिंतींमध्ये माझा सगळा संसार आहे आणि माझ्या मुलीला इथे श्वास घेता येत नाही. एकाच हॉलची मला एवढी ओढ आणि तिला एवढी धास्ती.

ती का आली नाही, मला का विचारता आलं नाही, स्लिपर घालून रस्त्याच्या बाजूने का आली, सगळं आता दिसतं. फाटकाशी पाठ करून उभी होती, ते सगळ्यात जास्त दिसतं.

संध्याकाळी हॉलमध्ये उभी राहिले. त्यांची खुर्ची असायची तिथे. हाक मारून बघावी वाटलं, आतल्या खोलीत ऐकू जाते का ते. दार लोटलेलं असताना. पण आत ऐकायला कोणी नव्हतं.

हाक न मारताच बसून राहिले.

१९ जानेवारी, रविवार

आठवडाभर घर आवरलं. तुळस शेजारी दिली. दूधवाल्याला बंद सांगितलं. त्याने विचारलं, "गावाला का, काकू?" मी हो म्हटलं. ऐरोलीला असं सांगितलं असतं तर हसला असता.

शाळेला ऐरोलीहूनही जाता येतं. दोनच महिने उरलेत. सिस्टरांना पत्ता बदलल्याचं कळवलं. त्या म्हणाल्या, "मुलीकडे? छान." मग जरा थांबून, "तिकडे गेल्यावर घरच्या आठवणीने रडू येईल. येऊ द्या. मी पंधराव्या वर्षी मंगळूर सोडलं, अजून येतं."

कुलूप लावताना किल्ली दोनदा अडकली. हे कुलूप असंच आहे पहिल्यापासून.

५ फेब्रुवारी, बुधवार, ऐरोली

दहावीच्या मुलींना अभ्यासाची सुट्टी लागली आहे, म्हणून आज घरीच होते. घरी म्हणजे इथे. अजून हात सवयीने डाव्या बाजूला बटण शोधतो, दिवा लागत नाही. पहाटे जाग येते तेव्हा छत ओळखीचं नसतं. काही क्षण वाटतं, नंदकुमार आत चहा ठेवत असतील. मग क्षिप्राच्या श्वासाचा आवाज येतो, शेजारच्या गादीवरून. दोन्ही खरं आहे. आठवण येते आणि बरं वाटतं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आज तिचा दुसरा इंटरव्ह्यू होता, मोठ्या कंपनीचा. पहिला गेल्या आठवड्यात झाला, त्यांनी काही कळवलेलं नाही. सकाळी तिने केस तीनदा बांधले आणि सोडले. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली पँट. "वरचंच दिसतं," म्हणाली.

"आणि उभं राहायला सांगितलं तर?"

"आई, इंटरव्ह्यू आहे, राष्ट्रगीत नाही."

खोलीचं दार लोटून घेतलं. स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये फक्त ते एक पातळ दार. मी डाळीचा कुकर आधीच गॅसवर चढवला होता, तो मला आठवला तेव्हा आतून एका पुरुषाचा आवाज यायला लागला होता. पहिल्या शिटीच्या आत गॅस बंद केला आणि वाफ धरून राहावी म्हणून वरून फडकं टाकलं. खाली भाजीवाला ओरडायला लागला, खिडकी लावली. फोन बंद करून पिठाच्या डब्याखाली ठेवला. मग करायला काही उरलं नाही, म्हणून दाराशी जाऊन उभी राहिले.

तो विचारत होता, ती सांगत होती. अर्धं मला समजत होतं, अर्धं नाही. एकदा ती अडली. मी हातांच्या मुठी केल्या. ती म्हणाली, "मला एक मिनिट विचार करू द्या," आणि त्याने दिलं. चांगला माणूस असावा. मग ती बोलायला लागली, सावकाश, एकेक पायरी, आणि मी भिंतीला टेकले. माझ्या मुलीचा आवाज. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत ऐकला होता असा, मग कित्येक वर्षं नाही.

मग आत शांत झालं. कॉल संपला, की तो काही वाचत होता, की तिने उत्तर चुकवलं, काही कळेना. खालून रिक्षा गेली. मी दाराला कान लावला.

"आई?"

फार मोठ्याने नाही. दाराच्या अगदी जवळ असल्याशिवाय ती हाक ऐकू आली नसती.

"ओ," म्हणाले मी आणि दार उघडलं.